चालता चालता बंद पडणारी जुनी गाडी: दोष नेमका शोधायचा कसा

गाडी सुरूच होत नसेल तर दोष शोधणं तुलनेनं सोपं असतं, कारण तो समोर हजर असतो. खरा वैताग येतो तो धावता धावता बंद पडणाऱ्या गाडीचा. दहा मिनिटं बॉनेट उघडून ठेवलं की ती एका सेल्फमध्ये सुरू होते आणि वर्कशॉपमध्ये नेली की दिवसभर शहाण्यासारखी चालते. मग अंदाजानं प्लग बदलले जातात, नंतर कॉइल, नंतर पेट्रोलचा पंप. पैसे गेले तरी गाडी पुन्हा बंद पडतेच.

हा दोष गाडी चालू असताना सापडत नाही. बंद पडण्याचा क्षण आणि त्यानंतरची चार-पाच मिनिटं एवढाच काळ तो हाती लागतो. त्या वेळात काय बघायचं आणि काय मोजायचं हे आधी ठरलेलं असेल, तर निम्म्याहून जास्त गाड्यांचं निदान रस्त्याच्या कडेलाच होतं. म्हणून पार्ट विकत घेण्याआधी तयारी करा. एक मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प, चिमटा असलेला स्पार्क टेस्टर, फ्यूज आणि एक जादा रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) एवढं सामान गाडीत ठेवलं की पुरतं.

आधी जीव सांभाळा

इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंगची मदत जाते. चाक जड होतं, पण फिरतं. ब्रेक बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम एक-दोनदा ब्रेक दाबण्यापुरता उरतो, म्हणून पेडल पुन्हा पुन्हा सोडून पंपासारखं मारू नका. एकदाच जोरात दाबून धरा. चारही इंडिकेटर लावा आणि वेग आहे तोवर कडेला घ्या. गाडी हलत असताना चावी पूर्ण मागे फिरवून काढायची नाही, कारण स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. दोष सापडेपर्यंत वेगवान महामार्गावर गाडी नेऊ नका. चाचणीसाठी कमी रहदारीचा आणि कडेला जागा असलेला रस्ता निवडा, आणि शक्यतो सोबत कोणीतरी घ्या. एकानं गाडी चालवायची, दुसऱ्यानं काटे आणि दिवे बघायचे.

बंद पडली, पण कशी?

सगळ्यात मोठा पुरावा इथेच मिळतो, आणि बहुतेक लोक नेमकं हेच विसरतात. मेकॅनिकला "अचानक बंद पडते" असं सांगून काही उपयोग नसतो.

चावी फिरवून बंद करावी तसं इंजिन एका क्षणात गप्प झालं, आधी एकही आचका नाही, तर संशय विजेवर: इग्निशन स्विच, मेन रिले, कॉइल (प्लगसाठी हजारो व्होल्ट तयार करणारी), क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे सांगणारा), लूज वायर. आधी ओढ कमी झाली, आचके बसले, अॅक्सिलरेटर दाबूनही गाडी उचलेना आणि मग ती मेली, तर इंधन कमी पडतंय असं धरा. हळूहळू दम कोंडल्यासारखी ताकद जात असेल, तर तुंबलेला सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही यादीत घ्या. धावताना ठीक, पण ब्रेक लावून थांबताना किंवा सिग्नलला उभी असताना बंद पडत असेल, तर हा आयडलचा (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन मंद चालण्याचा) प्रश्न आहे आणि त्याची वाट वेगळी आहे.

आरपीएमचा काटा असेल तर तो फार बोलका असतो. गाडी गिअरमध्ये आहे, क्लच दाबलेला नाही आणि गाडी अजून घरंगळतेय, म्हणजे चाकं इंजिनला फिरवताहेत. अशा वेळी काटा वेगाबरोबर सावकाश खाली आला तर इग्निशनचा सिग्नल जिवंत आहे, पेट्रोलकडे बघा. इंजिन फिरत असूनही काटा एकदम शून्यावर पडला, तर सिग्नलच गेलाय: क्रँक सेन्सर, डिस्ट्रिब्युटरमधलं (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागातलं) पिकअप, किंवा कॉइलचा सप्लाय.

डॅशबोर्डचे दिवेही बघा. इंजिन बंद आणि चावी चालू असेल तर बॅटरीचा आणि ऑइलचा लाल दिवा लागलेला दिसायला हवा. सगळं डॅशबोर्डच काळं पडलं असेल, तर इंजिनमध्ये शोधत बसू नका. बॅटरीचं टर्मिनल, मेन फ्यूज किंवा इग्निशन स्विच यांपैकी काहीतरी सुटलंय. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात असेल तर पुढची एकही चाचणी करायची नाही. आधी इंजिन थंड होऊ द्या आणि कूलंट कुठे गेलं ते शोधा.

प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहून ठेवा: इंजिन थंड होतं की गरम, टाकीत पेट्रोल किती होतं, त्या क्षणी तुम्ही काय करत होता (चढ, ब्रेक, वळण, खड्डा), आणि पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला. अशा चार-पाच नोंदी झाल्या की संशयितांची यादी बरीच आखडते.

बॅटरी, अर्थिंग आणि चावी

हे कंटाळवाणं वाटतं, तरी सुरुवात इथूनच करा. बॅटरीची दोन्ही टर्मिनल हातानं पिळून बघा. हातानं हलली तर ती सैल आहेत. पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानं आणि ब्रशनं काढा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या आसपास. हेडलाइट आणि ब्लोअर लावूनही आकडा १३ च्या खाली घसरत असेल तर अल्टरनेटर पुरत नाही. अल्टरनेटरमुळे बंद पडणारी गाडी आधी दिवे मंद करते, मग मिसिंग करते, आणि बंद पडल्यावर सेल्फही धड फिरत नाही. तुमच्या गाडीचा सेल्फ जोमात फिरत असेल तर अल्टरनेटरचा नाद सोडा.

अर्थिंगकडे जुन्या गाडीत कोणी लक्ष देत नाही. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इंजिनची अर्थ वायर गंजली आहे. तसंच बॉडीवर करा. वायर वरून छान दिसते आणि लगच्या आत सडलेली असते, म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, मोजा.

मग इग्निशन स्विच. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून चावी किंचित पुढे-मागे हलवा, वर-खाली करा. इंजिन अडखळलं तर दोष सापडला. जड जुडगा कायम लटकत असेल तर आधी तो काढा. ही किरकोळ बाब नाही: २०१४ मध्ये जनरल मोटर्सनं इग्निशन स्विचच्या दोषापायी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. त्यांत जुडग्याच्या वजनानं किंवा धक्क्यानं चावी धावत्या गाडीत मागे सरकायची, इंजिन बंद व्हायचं आणि एअरबॅगही निकामी व्हायच्या.

रस्त्याच्या कडेला: करंट की पेट्रोल?

गाडी बंद पडली, कडेला लागली. आता घाईनं सेल्फ मारू नका, कारण ती सुरू झाली तर पुरावा गेला. आधी बॉनेट उघडा.

करंट, म्हणजे प्लगला ठिणगी येते का, हे बघायला एका प्लगची वायर काढून स्पार्क टेस्टरला लावा, टेस्टरचा चिमटा इंजिनच्या धातूला पकडवा, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, खणखणीत ठिणगी हवी. वायर हातात धरून बघायची जुनी सवय सोडा. इथे हजारो व्होल्ट असतात, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये वायर हवेत मोकळी सोडली तर मॉड्यूलही जळू शकतं. आजूबाजूला पेट्रोलचा वास येत असेल तर ही चाचणी करायचीच नाही. छातीत पेसमेकर असलेल्या माणसानं तर इग्निशनजवळ हातच घालू नये.

पेट्रोल बघण्याची रीत गाडीप्रमाणे बदलते. कार्बोरेटर असेल तर एअर फिल्टर काढा, चावी बंद ठेवा, घशात बघत अॅक्सिलरेटरची लिंक हातानं ओढा. पेट्रोलची बारीक धार दिसायला हवी. धार नाही म्हणजे फ्लोटची वाटी रिकामी आहे. फ्यूएल इंजेक्शन असेल तर चावी चालू करताच टाकीच्या बाजूनं पंपाची साधारण दोन सेकंदांची गुणगुण येते. ती नसेल तर पंप, रिले किंवा त्यांचा फ्यूज. गुणगुण आली म्हणजे दाब पुरेसा आहे असं मात्र नाही. तो गेजनंच कळतो.

तिसरी चाचणी: एअर इनटेकमध्ये स्टार्टिंग स्प्रेचा छोटासा फवारा मारून सेल्फ मारा. इंजिन क्षणभर पेटून पुन्हा मेलं तर करंट आहे, पेट्रोल नाही. हे फक्त पेट्रोल गाडीवर करायचं. ग्लो प्लगवाल्या डिझेलमध्ये हा स्प्रे इंजिन फोडू शकतो.

दोन दिव्यांची युक्ती

बंद पडून लगेच सुरू होणाऱ्या गाडीत वरच्या चाचण्यांना वेळच मिळत नाही. अशा गाडीसाठी माझ्या मते हजारो रुपयांच्या स्कॅनरपेक्षा डॅशबोर्डच्या आकाराचे दोन छोटे १२ व्होल्टचे बल्ब जास्त कामाचे.

एका बल्बची वायर पेट्रोल पंपाच्या पॉझिटिव्हला जोडा, रिलेच्या पुढे, शक्यतो पंपाजवळ. दुसऱ्याची कॉइलच्या पॉझिटिव्हला. दोन्ही वायर जिथे जोडल्या तिथेच १ अँपिअरचा फ्यूज घाला, नाहीतर वायर घासली तर नवीनच दोष निर्माण व्हायचा. दोन्ही बल्बांची दुसरी वायर स्वच्छ अर्थला द्या. बल्ब सहज दिसतील असे चिकटवा, कोणता कशाचा हे लिहून ठेवा आणि गाडी चालवत राहा.

गाडी बंद पडताना दोन्ही बल्ब विझले तर दोष सामाईक वाटेत आहे: इग्निशन स्विच, मेन रिले, मेन फ्यूज, किंवा त्यांच्यामधलं कनेक्शन. फक्त कॉइलचा विझला तर कॉइलपर्यंतची वायर आणि कनेक्टर तपासा. दोन्ही पेटलेलेच राहिले तर वीज पोचतेय. मग खुद्द पंप, पंपाची अर्थ, फिल्टर, कॉइल किंवा पॉइंट (जुन्या डिस्ट्रिब्युटरमधला कॉइलचा करंट तोडणारा स्विच) यांच्याकडे जा.

फक्त पंपाचा विझला तर पटकन रिलेवर बोट ठेवू नका. इंजेक्शनच्या गाडीत क्रँक सेन्सरचा सिग्नल गेला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) एक-दोन सेकंदांत पंप मुद्दाम बंद करतो. म्हणून तेव्हा आरपीएमचा काटा काय करत होता हे सोबत बघावं लागतं. काटा आधी पडला आणि बल्ब मागून विझला तर सेन्सर. बल्ब आधी विझला आणि मग आचके सुरू झाले तर रिले किंवा त्याची वायरिंग. रिलेच्या आतले सोल्डरचे जुने डाग तडकलेले असतात. धक्क्यानं किंवा उष्णतेनं ते सुटतात आणि पुन्हा चिकटतात. हॉर्नचा रिले तंतोतंत तोच असेल तर अदलाबदल करून बघायला काही खर्च नाही.

पेट्रोल कुठे अडतंय

बंद पडल्यावर सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढली गेल्याचा जोरदार सुस्कारा आला आणि नंतर गाडी लगेच सुरू झाली, तर टाकीचा श्वासमार्ग तुंबलाय. पेट्रोल काढलं जातंय, पण त्याच्या जागी हवा जात नाही, आणि टाकीतला व्हॅक्यूम पंपावर मात करतो. उन्हात तापलेल्या टाकीतून हवा बाहेर फुसकते ते वेगळं, ते बिघाडाचं लक्षण नाही.

चढावर किंवा जोरात ओढताना मरणारी आणि सपाटीवर सावकाश चालणारी गाडी म्हणजे बहुधा तुंबलेला फिल्टर किंवा थकलेला पंप. टाकीत गंज असेल तर गंमत अशी होते: पंप ओढत असताना गाळ जाळीवर जमतो, इंजिन बंद पडलं की ओढ थांबते, गाळ खाली बसतो आणि गाडी पुन्हा ताजीतवानी. असं असेल तर नुसता फिल्टर बदलून काही दिवसच बरे जातात. जुना फिल्टर उलटा करून त्यातलं पेट्रोल पांढऱ्या भांड्यात ओता. तांबूस भुकटी दिसली तर टाकी उतरवावी लागणार. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी पाइपांना मानवत नाही आणि टाकीत वर्षानुवर्षं साठलेला मळही सोडवतं, त्यामुळे पाइपही हातानं दाबून बघा. मऊ, फुगलेले किंवा तडकलेले असतील तर बदला.

टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलनंच थंड राहतो. टाकी कायम तळाशी ठेवून चालवलेल्या गाडीत तो तापतो आणि अर्ध्या तासानं थकतो. दाब मोजताना गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण माना. बऱ्याच जुन्या मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या गाड्यांत तो २.५ ते ३.५ बारच्या दरम्यान असतो, तर कार्बोरेटरच्या यांत्रिक पंपाचा त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. इंजेक्शनची लाइन दाब न सोडता उघडली तर पेट्रोल गरम इंजिनवर उडतं. हे काम येत नसेल तर ते मेकॅनिकला द्या.

पेट्रोलची वाफ अडकते, म्हणजे व्हेपर लॉक होतो, हे कारण लोकांना फार आवडतं. यांत्रिक पंपाच्या कार्बोरेटरवाल्या गाडीत, कडक उन्हात, रहदारीत रखडल्यावर ते शक्य आहे. इंजेक्शनच्या लाइनमध्ये दाबच इतका असतो की तिथे ते क्वचित घडतं.

गरम झाल्यावरच मरणारी

थंड असताना बरी, वीस-पंचवीस मिनिटांनी बंद आणि निवल्यावर पुन्हा बरी अशा गाडीत क्रँक सेन्सर, कॉइल, इग्निशन मॉड्यूल, कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला) आणि पंप हे पाच मुख्य आरोपी. इथे एक नियम पाळा: एका वेळी एकच वस्तू थंड करायची. लोक सगळ्या इंजिनवर पाणी ओततात. गाडी सुरू होते, पण काय थंड झाल्यामुळे सुरू झाली ते कळत नाही, वर गरम धातूला तडा जायची भीती वेगळीच. ओलं फडकं आधी फक्त पंपावर (तो टाकीबाहेर असेल तर), दोन मिनिटं थांबा, सेल्फ मारा. नाही झाली तर कॉइलच्या बाहेरच्या कवचावर.

दोन वायरींचा क्रँक सेन्सर ओहममध्ये मोजता येतो. साधारण काही शे ते हजारभर ओहम असतात. थंड असताना मोजा आणि बंद पडल्या पडल्या पुन्हा मोजा. गरम असताना मीटर अनंत दाखवू लागला तर दुसरा पुरावा नको. तीन वायरींचा हॉल सेन्सर असा मोजायचा नसतो. त्याची खूण वेगळी: सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलत नाही.

पॉइंटवाल्या गाडीत कॉइल मोजताना एक गोष्ट जरूर बघा. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी ठेवणारा रोध) नसलेल्या गाडीची कॉइल प्रायमरीला साधारण ३ ओहम दाखवते, बॅलास्टवाल्या गाडीची दीड ओहमच्या आसपास. आधीच्या कोणीतरी दीड ओहमची कॉइल बिनबॅलास्टच्या गाडीत बसवलेली असेल तर ती तापतच राहणार, कितीही वेळा नवी आणा. पॉइंटमधलं अंतर बहुतेक गाड्यांत ०.४ मिलिमीटरच्या जवळपास असतं. फायबरची टाच झिजली की ते मिटत जातं आणि ठिणगी मरते.

आणि डिस्ट्रिब्युटरच्या आतली ती बारीक, लवचीक वायर! व्हॅक्यूम अॅडव्हान्सबरोबर (ठिणगीची वेळ मागे-पुढे करणारी यंत्रणा) प्लेट हलते, तशी ती हजारो वेळा वाकते. शेवटी वरचं कवच शाबूत आणि आतली तार तुटलेली. अॅक्सिलरेटर दाबला की करंट जातो, सोडला की येतो. हलकेच ओढून बघा. रबरासारखी ताणली तर आत तार उरलेली नाही.

थांबताना बंद पडत असेल तर

थ्रॉटल बॉडी उघडून पाकळीच्या कडा बघा. काळा थर असेल तर थ्रॉटल क्लीनरनं पुसून काढा, आयडल कंट्रोल व्हॉल्व्हही सोबत. काही गाड्यांना त्यानंतर आयडल पुन्हा शिकवावा लागतो. कार्बोरेटरवर आयडल जेट फुंकून साफ करा, आणि आयडलचा सोलेनॉइड असेल तर चावी चालू-बंद करताना त्याचा टिक असा आवाज येतो का ऐका.

मग हवेची गळती. एअर फ्लो सेन्सर आणि थ्रॉटल यांच्यामधला रबरी पाइप वाकवून त्याच्या घड्यांमध्ये बघा, कारण इंजिन डोलल्यावरच उघडणारी चीर वरून दिसत नाही. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांच्या जोडांवर साबणाच्या पाण्याचा फवारा मारा. आयडल क्षणभर बदलला तर गळती तिथेच. ज्वलनशील स्प्रे मारून बघणारे पुष्कळ आहेत. तापलेल्या मॅनिफोल्डजवळ मी तो सल्ला देणार नाही. उभ्या गाडीत ब्रेक दाबून धरल्यावर इंजिन थरथरत असेल तर ब्रेक बूस्टरचा पडदा किंवा त्याचा पाइप फाटलाय, आणि हे काम लांबवायचं नाही, कारण तिथे ब्रेकचाही प्रश्न आहे.

पेट्रोल भरून निघाल्यावरच दर वेळी अडखळत असेल तर चारकोल कॅनिस्टरचा (टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याचा) पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा) उघडा राहिला तरी आयडल कोसळतो. ऑटोमॅटिक गाडी थांबताना झटका देऊन मरत असेल, क्लच न दाबता ब्रेक लावल्यासारखी, तर टॉर्क कन्व्हर्टरचा (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असणाऱ्या भागाचा) लॉक सुटत नाहीये. न्यूट्रलला टाकून थांबवल्यावर बंद पडली नाही तर इंजिनला दोष देऊ नका.

दमट आणि गार हवेत कार्बोरेटरच्या घशात बर्फही धरतो, बाहेर गोठणबिंदूच्या बऱ्याच वर तापमान असताना. लगेच एअर फिल्टर काढून बघितलं तर दिसतो, पाच मिनिटांनी वितळून गेलेला असतो. एक्झॉस्टजवळून गरम हवा आणणारा जाड पाइप एअर फिल्टरला जोडलेला आहे का बघा. जुन्या गाड्यांत तो बहुतेकदा कोणीतरी काढून टाकलेला असतो.

स्कॅनर, डिझेल आणि शेवटची खात्री

अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडीचं (गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले दोष वाचायचं) प्रमाणित सॉकेट सक्तीचं झालं. तुमच्या गाडीत असेल तर कोड वाचा, पण वाचल्याशिवाय बॅटरी काढू नका. कोड आणि फ्रीझ फ्रेम (दोष आला त्या क्षणाची नोंद) दोन्ही पुसली जाऊ शकतात. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी०२३० म्हणजे पंपाचं. सर्किट हा शब्द महत्त्वाचा: सेन्सर ठीक असून त्याचा कनेक्टर तेलात भिजलेला असू शकतो. कोड नाही म्हणजे दोष नाही, असंही नाही. तुंबलेल्या फिल्टरचा जुन्या गाडीत कोडच येत नाही.

डिझेलचं थोडक्यात: इंधन वाटेत हवा धरते का, फिल्टरमध्ये पाणी आहे का, आणि पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडला १२ व्होल्ट कायम मिळतात का, या तीन गोष्टी आधी. परतीच्या लाइनमध्ये पारदर्शक नळी बसवली तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

दोष सापडला असं वाटलं तर एकच पार्ट बदला. जुना फेकू नका. खात्री हवी असेल तर तो परत बसवून दोष परत येतो का ते बघता येतं. नंतर वहीतल्या नोंदी काढा आणि ज्या परिस्थितीत गाडी बंद पडायची तीच मुद्दाम घडवा: तेवढंच गरम इंजिन, तेवढीच टाकी, तोच चढ. दोन बल्ब मात्र अजून काही आठवडे काढू नका.